श्वास, स्कॅन आणि रेडिएशन : हलत्या गाठीवर नेम कसा धरतात?

किरणमापी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

मी रेडिएशन विभागात मेडिकल फिजिसिस्ट आहे. उपचार डॉक्टर ठरवतात, मशीन तंत्रज्ञ चालवतात. ठरलेला डोस ठरलेल्या जागीच पडतोय ना, याचं गणित आणि तपासणी आमच्याकडे असते. इथल्या काही सभासदांनी व्यनिमध्ये (व्यक्तिगत निरोपात) जवळपास सारखेच प्रश्न विचारले. सीटीच्या वेळी पोटाला पट्टा का बांधला? छातीच्या खाली, पोटावर तो प्लास्टिकचा ठोकळा कशाला ठेवला? आईला श्वास रोखायला लावला, मग शेजारच्या पेशंटला का नाही? एकेकाला वेगळं लिहिण्यापेक्षा धागा काढतोय.

मूळ अडचण अशी. डोक्यातली किंवा मानेतली गाठ मास्क लावला की जागेवर राहते. छातीतली आणि पोटातली राहत नाही. शांत पडलेला माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. प्रत्येक श्वासाला श्वासपटल खाली-वर होतं आणि त्याच्याबरोबर यकृत, स्वादुपिंड, मूत्रपिंडं, फुप्फुसाचा खालचा भाग हे सगळं सरकतं. किती सरकतं, हे माणसामाणसात फार वेगळं असतं. जपानमधल्या होक्काइदो विद्यापीठात फुप्फुसाच्या गाठीत किंवा गाठीजवळ सोन्याचे बारीक मणी बसवून २० रुग्णांची हालचाल एक्स-रेने टिपली होती; तो अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. खालच्या खंडातल्या, कशाला चिकटून नसलेल्या गाठी वर-खाली सरासरी १२ मिलिमीटर हलत होत्या, वरच्या खंडातल्या त्याहून बऱ्याच कमी. काही गाठी तर ज्या वाटेने वर जात त्या वाटेने खाली येत नव्हत्या. वय, बांधा किंवा गाठीचा आकार पाहून यातलं काही सांगता येत नाही, प्रत्येकाचं मोजावंच लागतं.

न मोजता भोवती सरसकट मोठी कड धरली तर काय बिघडतं? आकडेच बघा. ३ सेंटिमीटर व्यासाच्या गोल गाठीचं घनफळ सुमारे १४ घनसेंटिमीटर. चहूबाजूंनी ५ मिलिमीटर कड धरली की ते ३३ च्या पुढे जातं आणि १ सेंटिमीटर धरली की ६५. गाठ बोराएवढी आणि डोस लिंबाएवढ्या भागाला, असं होतं. वाढलेला सगळा भाग निरोगी फुप्फुसाचा किंवा यकृताचा असतो. उलट कड कमी धरली आणि गाठ बाहेर सरकली, तर तिच्या कडेला डोस अपुरा पडतो. त्यामुळे इथे अंदाजाने चालत नाही.

साध्या सीटीवरून ही हालचाल कळत नाही. स्कॅन पुढे सरकत असताना गाठही सरकत असेल तर ती कधी लांबट दिसते, कधी आखूड, कधी दोन तुकड्यांत. म्हणून फोर-डी सीटी करतात. टेबल अगदी हळू पुढे जातं आणि प्रत्येक जागी निदान एक पूर्ण श्वास होईपर्यंत चित्रं घेतली जातात. त्याच वेळी पट्टा किंवा ठोकळा श्वासाचा आलेख देत असतो. ठोकळ्यावर चमकते ठिपके असतात, त्यांची वर-खाली हालचाल इन्फ्रारेड कॅमेरा टिपतो. मग कोणतं चित्र श्वासाच्या कोणत्या टप्प्यावर निघालं, हे पाहून संगणक चित्रं वेगवेगळ्या गठ्ठ्यांत लावतो. बहुतेक ठिकाणी असे १० टप्पे करतात. एकामागून एक पाहिले की गाठ हलताना दिसते.

यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे रुग्णाचा प्रत्येक श्वास आधीच्या श्वासासारखा असेल. तो तसा नसेल तर चित्रं चुकीच्या गठ्ठ्यात जातात. श्वासपटलाला पायऱ्या पडल्यासारख्या दिसतात, गाठीचा काही भाग गायब होतो किंवा दोनदा उमटतो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या स्टॅनफर्डच्या एका अभ्यासात ५० पैकी ४५ रुग्णांच्या फोर-डी सीटीत असा एक तरी दोष सापडला होता. त्यामुळे "स्कॅन परत करावा लागेल" असं कुणी सांगितलं तर घाबरू नका. त्या माणसाने चित्रं नीट पाहिली आहेत, असाच त्याचा अर्थ घ्या.

गाठ किती हलते हे कळल्यावर पुढचा मार्ग ठरतो. थोडीच हलत असेल तर सगळ्या टप्प्यांतल्या जागा एकत्र करून तेवढाच भाग लक्ष्य धरायचा आणि रुग्णाने नेहमीसारखा श्वास घेत राहायचं. अमेरिकेतल्या मेडिकल फिजिसिस्टांच्या संघटनेने २००६ च्या अहवालात ५ मिलिमीटरची रेघ आखली. त्याहून जास्त हालचाल असेल, किंवा आटोक्यात आणल्याने निरोगी भाग बऱ्यापैकी वाचणार असेल, तर उपाय करा असं त्यात म्हटलं आहे. उपाय म्हणजे पोटावर फळीने किंवा पट्ट्याने हलका दाब द्यायचा, म्हणजे श्वास उथळ होतो. स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का इस्पितळात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून हे करत आले आहेत. किंवा गेटिंग करायचं: श्वासाच्या ठरावीक टप्प्यातच किरण चालू, बाकी वेळ बंद. जपानमध्ये त्सुकुबा विद्यापीठाच्या मंडळींनी १९८९ मध्येच यावर लिहिलं होतं. किंवा श्वास रोखून धरायला सांगायचं. किंवा किरणच गाठीच्या मागे फिरवायचा, सायबरनाइफमध्ये रोबोटचा हात करतो तसा.

मार्ग कोणताही असो, मला कळकळीने सांगायचंय ते एवढंच: ज्या श्वासात स्कॅन झाला, त्याच श्वासात उपचार व्हायला हवा. उपचारात रुग्णाच्या स्वतःच्या हातात असलेल्या मोजक्या गोष्टींपैकी ही एक आहे. आणि तीच आपल्याकडे घाईघाईत, अर्ध्या मिनिटात समजावून सांगितली जाते, याचं मला फार वाईट वाटतं.

प्रश्न विचारा. कुणाच्या वैयक्तिक रिपोर्टवर मत देणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांचं काम आहे.

सोलापूरकर

धागा अगदी वेळेवर आला. वडिलांना (आम्ही त्यांना दादा म्हणतो) उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात गाठ आहे, वय ७१, ऑपरेशन नको म्हणाले. मोठ्या डोसचे मोजकेच शेक (रेडिएशनच्या बैठका) द्यायचे ठरलंय. सीटीच्या वेळी पोटावर बेल्ट बांधला आणि "नॉर्मल श्वास घ्या" म्हणाले. मशीन चालू होताच दादांना खोकला आला. पुन्हा केलं, पुन्हा खोकला. शेवटी कसाबसा झाला. आम्हाला कुणी काही समजावलं नाही, आम्हीही विचारलं नाही. आता तुम्ही लिहिलेलं वाचून धाकधूक वाटतेय. तो स्कॅन चालेल का?

अनघा_के

फार गरजेचा विषय. मी डाव्या स्तनाच्या कॅन्सरसाठी श्वास रोखून रेडिएशन घेतलंय, म्हणून थोडं लिहिते.

मला आधीच्या आठवड्यातच बोलावून सराव करून घेतला होता. टेबलावर दोन्ही हात डोक्यावर, हनुवटी किंचित वर, समोर छोटा स्क्रीन. त्यावर एक पिवळी रेघ माझ्या श्वासाबरोबर वर-खाली व्हायची आणि वर एक हिरवा पट्टा होता. श्वास घेऊन रेघ हिरव्या पट्ट्यात न्यायची आणि तिथेच थांबवायची. पहिल्या दिवशी मी जिद्दीने इतका मोठा श्वास घेतला की रेघ पट्ट्याच्या वरच गेली. तिथल्या ताई म्हणाल्या, "एवढा नको, रोज जमेल एवढाच घ्या." त्या वाक्याने माझं अर्धं ओझं उतरलं.

घरी मोबाइलवर सेकंद लावून झोपून सराव करायचे. माझे मिस्टर त्यांच्याच शब्दांत सूचना द्यायचे: "श्वास घ्या… सोडा… आता घ्या… धरा." तेच शब्द रोज ऐकले की मशीनवर गेल्यावर दचकायला होत नाही. हात डोक्यावर ठेवून सराव करा, हे मात्र नक्की सांगेन. हात खाली असताना जमणारा श्वास आणि हात वर असतानाचा श्वास यात फरक पडतो.

किरणमापी (धागाकर्ता)

अनघाताई, हात वर ठेवण्याचा मुद्दा तुम्ही लिहिलात हे फार बरं झालं. आम्हीही तो सांगायचा विसरतो.

डाव्या बाजूलाच हे का, ते लिहितो. खोल श्वास घेतला की फुप्फुस फुगतं, श्वासपटलाबरोबर हृदय खाली आणि मागे सरकतं, आणि छातीच्या भिंतीत व हृदयात अंतर पडतं. किरण छातीच्या भिंतीला घासून जातात, त्यांच्या वाटेतून हृदय बाजूला होतं. हृदयाला मिळणारा सरासरी डोस बऱ्याच जणींमध्ये निम्म्याच्या आसपास येतो. त्याचं महत्त्व २०१३ साली ठळक झालं. स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या २,१६८ स्त्रियांच्या अभ्यासात हृदयाला मिळालेल्या सरासरी डोसच्या प्रत्येक ग्रेमागे (ग्रे हे डोस मोजायचं एकक) गंभीर हृदयविकाराचं प्रमाण ७.४ टक्क्यांनी वाढत गेलेलं दिसलं. अमुक डोसखाली धोका नाहीच, अशी रेघ सापडली नाही. परिणाम पहिल्या ५ वर्षांतच दिसू लागला आणि पुढे दोन दशकांहून जास्त काळ दिसत राहिला. लक्षात घ्या, मुळातला धोका कमी असेल तर ७.४ टक्के वाढही आकड्यात छोटीच असते. म्हणून घाबरून रेडिएशन नाकारू नका. पण पंचेचाळिशीच्या बाईला पुढे आणखी ३०-४० वर्षं जगायचंय, तिच्यासाठी हा फरक मिळवण्याजोगा आहे.

सोलापूरकर, दादांचा स्कॅन चालेल की नाही हे चित्रं पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. पण तुम्ही सरळ विचारू शकता: "खोकल्यामुळे चित्रांत दोष राहिलाय का, आणि गाठ किती मिलिमीटर हलते?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आकड्यात यायला हवं. आमच्या क्षेत्रात हा प्रश्न कुणाला उद्धट वाटत नाही. मोजक्या बैठकींत मोठा डोस असतो तेव्हा प्रत्येक बैठकीआधी मशीनवरच कोन-बीम सीटी घेऊन गाठ जागेवर आहे का पाहतात. तो स्कॅन मिनिटभर चालतो, त्यात दहा-पंधरा श्वास होतात, म्हणून गाठ धूसर दिसते. त्या धूसर डागाचा आकार आधी मोजलेल्या हालचालीशी जुळतो का, हे आम्ही बघतो. म्हणजे दुसरी चाळणीही असते.

खोकल्याचं आधीच सांगा. डॉक्टर स्कॅनच्या आणि उपचाराच्या आधी घ्यायचं औषध देऊ शकतात.

योगसाधिका

मी बरीच वर्षं प्राणायामाचे वर्ग घेते. वर्गात कॅन्सरमधून जाणाऱ्या काही जणी येतात. हे वाचताना वाटत होतं, हा तर अंतर्कुंभकच (श्वास आत घेऊन रोखणं) झाला. मग त्यांना आधीपासून कुंभकाची तयारी करून दिली तर? दीर्घ, संथ श्वसनाचा सरावही फुप्फुसाच्या पेशंटना उपयोगी पडेल ना?

किरणमापी (धागाकर्ता)

योगसाधिका ताई, तुमच्या प्रश्नाची दोन उत्तरं आहेत आणि ती एकमेकांच्या उलट आहेत.

श्वास रोखून उपचार असतील तर सराव नक्की द्या. मात्र लक्ष्य किती वेळ हे नसून दर वेळी तेवढीच खोली हे असू द्या. साधारण २० सेकंद शांतपणे धरता आले तर बहुतेक ठिकाणी भागतं. दुसरं म्हणजे बंध लावायला सांगू नका. जालंधर बंधात हनुवटी छातीकडे येते. मानेच्या खालच्या लसिकाग्रंथींनाही रेडिएशन असेल तर हनुवटीची जागा ठरलेली असते. तिसरं, श्वास छातीने घ्यायचा की पोटाने हे त्या केंद्राला विचारून तसंच शिकवा. काही जणी ठोकळा वर जावा म्हणून नकळत पाठ उचलतात. आलेखावर सगळं छान दिसतं आणि प्रत्यक्षात फुप्फुस फुगलेलंच नसतं. तुम्ही समोर असाल तर हे तुमच्या डोळ्याला लगेच कळेल.

नेहमीचा श्वास घेत फोर-डी सीटी असेल, तर मात्र त्या दिवशी संथ दीर्घश्वसन अजिबात नको. प्रामाणिकपणे मदत करायला जाऊन लोक इथे अडकतात. टेबलाचा वेग रुग्णाच्या श्वासाच्या गतीवरून ठरवलेला असतो. मिनिटाला चार-पाचच श्वास घेतले तर एक श्वास पूर्ण व्हायच्या आत टेबल पुढे गेलेलं असतं आणि चित्रांत पोकळ्या राहतात. शिवाय असा खोल श्वास रोज उपचाराच्या वेळी टिकत नाही. गाठ स्कॅनमध्ये एका रेंजमध्ये हलते, उपचारात दुसऱ्याच. त्या दिवशी झोपताना घ्याल तसाच श्वास घ्यायचा, मुद्दाम काही करायचं नाही.

भीती कमी व्हायला प्राणायामाचा उपयोग होतो, हे मी रोज बघतो. टेबलावर पहिली काही मिनिटं श्वास उथळ आणि घाईचा असतो, मग माणूस सैलावतो आणि गाठीची सरासरी जागाच थोडी सरकते. आधीच शांत झालेल्या रुग्णात हा सरकाव कमी असतो.

योगसाधिका

मनापासून आभार. संथ श्वसनाचं माझ्या कधी ध्यानीमनीही आलं नसतं. वर्गात उद्याच सांगते.

यॉर्कशायरकर

मी इंग्लंडमध्ये थेरपी रेडिओग्राफर (रेडिएशनची मशीन चालवणारी तंत्रज्ञ) आहे, मूळची साताऱ्याची. वर खास यंत्रांचा उल्लेख आलाय, म्हणून एक भर घालते. श्वास रोखण्यासाठी महागडं यंत्र असायलाच हवं असं नाही.

१९९० च्या दशकात अमेरिकेत मिशिगनच्या विल्यम बोमाँ इस्पितळात एक पद्धत तयार झाली. तोंडात नळी, नाकाला चिमटा, आणि ठरावीक हवा आत गेली की झडप बंद. पुढे तीच एबीसी नावाने बाजारात आली. आमच्याकडे हार्टस्पेअर नावाच्या अभ्यासात ती पद्धत आणि रुग्णाने स्वतःच श्वास धरण्याची साधी पद्धत समोरासमोर तपासली. २०१३ च्या निष्कर्षात अचूकता आणि हृदयाचं रक्षण दोन्हींत सारखंच निघालं. साध्या पद्धतीला वेळ आणि पैसे कमी लागले आणि ती रुग्णांना व आम्हा रेडिओग्राफरांनाही जास्त आवडली.

साधी म्हणजे किती साधी? मशीनचा प्रकाशझोत त्वचेवर पडतो. श्वास घेतल्यावर त्वचेवरची खूण त्या प्रकाशाच्या रेघेपासून किती सरकली, ते बघायचं. दर वेळी खूण त्याच जागी आली की बीम चालू. बाहेरून कॅमेऱ्यात ती खूण बघत राहायचं, हलली की बंद. हे करायला शिकलेली माणसं आणि थोडा जास्त वेळ लागतो. माझ्या मते महाराष्ट्रातल्या कितीतरी केंद्रांत आजच्या आज सुरू करता येईल असं हे काम आहे, आणि ते व्हावं असं मला फार वाटतं.

बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी तर जास्त ऑक्सिजन आणि व्हेंटिलेटरची मदत देऊन रुग्णांना एकाच श्वासात ५ मिनिटांहून जास्त थांबवून दाखवलं, २०१६ मध्ये. हे घरी करून बघायचं नाही!

बालाघाट

वाचतोय. पण आमच्याकडे लिनॅकच (विजेवर किरण तयार करणारी मशीन) नाही. जवळच्या केंद्रात भाभाट्रॉन आहे, कोबाल्टवाली. बहिणीला डाव्या बाजूचंच आहे. मग ती काय घेतेय ते वाईट उपचार आहेत का? फुले योजनेतून होतंय सगळं.

किरणमापी (धागाकर्ता)

बालाघाट, अजिबात नाही. भाभाट्रॉन बीएआरसीने (भाभा अणुसंशोधन केंद्राने) देशातल्या गरजेसाठी बनवलेली मशीन आहे. कोबाल्टवर उपचार घेऊन बऱ्या झालेल्या असंख्य बायका आपल्या अवतीभवती आहेत. शेक चालू असेल तर तो मध्येच थांबवू नका, ही हात जोडून विनंती. अर्धवट सोडलेल्या रेडिएशनचा तोटा श्वास न रोखल्याच्या तोट्यापेक्षा खूप मोठा असतो.

कोबाल्टवर श्वास रोखणं थोडं अवघड का जातं, तेही सांगतो. कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य ५.२७ वर्षं. स्रोत जुना होत जातो तसा तोच डोस द्यायला जास्त वेळ लागतो, म्हणजे श्वासही जास्त वेळ धरायला हवा. नव्या लिनॅकवर उलट आहे. फ्लॅटनिंग फिल्टर (झोत सगळीकडे सारखा करणारी धातूची चकती) काढलेल्या बीममध्ये डोसचा वेग इतका वाढतो की मोठा डोसही थोड्या श्वासांत उरकतो.

बहिणीच्या डॉक्टरांना एवढं विचारा: "हृदय किरणांच्या वाटेत किती येतंय, आणि ते झाकता येईल का?" काही जणींचं हृदय मुळातच छातीच्या भिंतीपासून लांब असतं, त्यांना श्वास रोखून फारसा फायदा होत नाही. काहींना थोडा भाग ब्लॉकने झाकता येतो, कुठे किरणांचा कोन बदलून काम होतं. दुसऱ्या केंद्रात जायची वेळ आलीच तर योजनेत काय बसतं ते त्या इस्पितळातल्या आरोग्यमित्रांकडून आधी लिहून घ्या.

अणुवैद्य

न्यूक्लियर मेडिसिनचा डॉक्टर आहे. पेट-सीटीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात लिहितो, कारण बहुतेकांचा पहिला मोठा स्कॅन तोच असतो.

पेट-सीटीत दोन वेगळ्या वेळची चित्रं एकावर एक ठेवलेली असतात. सीटी काही सेकंदांत होतो. पेटला शरीराच्या प्रत्येक टप्प्याला मिनिट-दोन मिनिटं किंवा जास्त लागतात, म्हणजे त्यात कित्येक श्वासांची सरासरी असते. सीटीच्या क्षणी रुग्णाने घाबरून छाती भरून श्वास घेतला तर दोन्ही जुळत नाहीत. यकृताच्या माथ्यावरचा डाग फुप्फुसात आहे असं दिसू शकतं, यकृताच्या वर फिकट कमानीसारखा पट्टा उमटतो. लहान गाठ हलल्यामुळे पुसट होते आणि तिचा एसयूव्ही आकडा (गाठीने औषध किती शोषलं याचं माप) खऱ्यापेक्षा कमी येतो. दोन रिपोर्टांतला एसयूव्ही थोडा वर-खाली झाला म्हणून रात्रभर जागू नका, डॉक्टरांना विचारा.

रुग्णांनी करायचं ते एवढंच: सांगितलं नसेल तर श्वास रोखू नका, हलका नेहमीचा श्वास चालू ठेवा.

निळी_शाई

थोडा संकोच वाटतोय, पण विचारते. काकूला पुढच्या आठवड्यात डाव्या बाजूचं सुरू होतंय. तिथे म्हणे अंगावर प्रकाश टाकून कॅमेऱ्याने छातीचा आकार बघतात. ती तिथेच अडून बसलीय. उघड्या अंगाचं शूटिंग होतं का?

अनघा_के

निळी_शाई, संकोच करू नका, मीही हेच विचारलं होतं. मला त्यांनी आधी पडद्यावर काय दिसतं ते दाखवलं. बाकीचं अंग झाकलेलं होतं, लागेल तेवढाच भाग मोकळा. "तंत्रज्ञ बाई असतील का?" असंही मी विचारलं आणि त्यांनी जमेल तेव्हा तशी पाळी लावली. काकूंना एकदा आधी खोली दाखवायला सांगा, बराच फरक पडतो.

किरणमापी (धागाकर्ता)

ताईंनी नेमकं सांगितलं. तांत्रिक बाजू जोडतो. ते कॅमेरे त्वचेवर पडलेल्या प्रकाशाच्या नक्षीवरून छातीच्या पृष्ठभागाचा त्रिमितीय नकाशा तयार करतात. पडद्यावर त्या पृष्ठभागाचं संगणकाने काढलेलं रूप दिसतं, आणि ते स्कॅनच्या वेळच्या आकाराशी किती मिलिमीटर जुळतंय हे तपासलं जातं. त्यात एक्स-रे नसतो. शिवाय खोलीत लक्ष ठेवायचा साधा कॅमेरा आणि इंटरकॉम प्रत्येक ठिकाणी असतो, कारण किरण चालू असताना रुग्ण आत एकटी असते आणि तिला काही झालं तर बाहेर कळायला हवं. तो कुणाला दिसतो, चित्रण साठवलं जातं का, हे विचारायचा काकूंना पूर्ण हक्क आहे.

तंत्रवेडा

एमआर-लिनॅकचं काय? आणि खारघरच्या प्रोटॉनचं? हलत्या गाठींचा प्रश्न तिथे सुटला ना?

किरणमापी (धागाकर्ता)

एमआर-लिनॅकमध्ये किरण चालू असतानाच एमआरआयवर गाठ दिसते, ही फार मोठी गोष्ट आहे. ठोकळा काय किंवा पट्टा काय, ते अंदाज पोटाच्या हालचालीवरून बांधतात. पोट आणि गाठ यांची लय कधी कधी जुळत नाही. इथे गाठच समोर दिसते. अमेरिकेत सेंट लुइसला २०१४ मध्ये (तेव्हा एमआरआयला जोडलेल्या कोबाल्टच्या मशीनवर) आणि नेदरलँड्सच्या उट्रेख्टला २०१७ मध्ये पहिले रुग्ण घेतले गेले. पण मशीन महाग, एका रुग्णाला वेळ जास्त, आणि पहिली मशीन बनवणाऱ्या व्ह्यूरे कंपनीने २०२३ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली.

प्रोटॉनबद्दल उत्तर उलट आहे. टाटाच्या खारघर केंद्रात प्रोटॉन सुरू झाले याचा मलाही अभिमान आहे, पण प्रोटॉनला श्वासाची हालचाल जास्त बाधते. प्रोटॉन किती खोल जाऊन थांबणार हे वाटेतल्या घनतेवर ठरतं. गाठ सरकली आणि तिच्या जागी हवेने भरलेलं फुप्फुस आलं की तो पुढे निघून जातो. त्यात बारीक झोत ठिपक्या-ठिपक्याने फिरत असतो आणि गाठही फिरत असते, त्यामुळे कुठे डोस जास्त, कुठे कमी पडू शकतो. म्हणून तोच भाग पुन्हा पुन्हा रंगवतात, श्वास रोखतात, हालचाल फार असेल तर प्रोटॉन टाळतातही.

सोलापूरकर

काल विचारून आलो. गाठ ११ मिमी हलते म्हणाले. खोकल्यामुळे काही टप्पे खराब होते, म्हणून फिजिसिस्ट मॅडमनी स्वतःच स्कॅन परत लावला होता, आम्हाला फोन यायचा होता. दादांना आधी खोकल्याचं औषध देऊन आज पुन्हा झाला आणि नीट झाला. पोटावर दाबाची पट्टीही लावून बघितली, हालचाल ६ वर आली. जेवणाचं काही पथ्य असतं का?

किरणमापी (धागाकर्ता)

वाचून खूप बरं वाटलं. ११ चं ६ होणं म्हणजे बरंच फुप्फुस वाचणं. पोट तुडुंब भरलेलं नको, विशेषतः पट्टी लावणार असतील तर. यकृत किंवा स्वादुपिंडाच्या रुग्णांना काही केंद्रं दोन-तीन तास उपाशी ठेवतात, म्हणजे जठराचा आकार रोज सारखा राहतो. दादांना मधुमेह असेल तर ते आधी सांगा. पट्टीने दुखत असेल तर सहन करून गप्प राहायचं नाही. दुखलं की माणूस श्वास बदलतो आणि मग पट्टीचा उपयोगच राहत नाही.

निळी_शाई

काकू तयार झाली! खोली बघून आली. आता वेगळीच काळजी, तिला १२ सेकंदच धरता येतंय. तिला नाकारतील का?

किरणमापी (धागाकर्ता)

नाही नाकारणार. एका दिशेचा डोस दोन-तीन छोट्या श्वासांत वाटता येतो. बीम मध्ये थांबवून पुढे तिथूनच चालू करता येतो आणि डोसची मोजणी तिथूनच पुढे सुरू होते. दोन श्वासांमध्ये लागेल तेवढी विश्रांती मागायची. दम संपत आला तर ताणून धरायचं नाही, सरळ सोडून द्यायचा. श्वास ठरलेल्या पट्ट्याबाहेर गेला की मशीन स्वतः किंवा तंत्रज्ञ बीम बंद करतात. १२ सेकंदांचे एकसारखे चार श्वास मला २५ सेकंदांच्या डगमगत्या एका श्वासापेक्षा केव्हाही चालतील. घरात तीन चेंडूंचा स्पायरोमीटर असेल तर त्यावर सराव करू दे. फक्त त्यात फुंकायचं नाही, ओढायचं. एकच चेंडू निवडून तो दर वेळी तेवढाच वर ठेवायचा, आणि हात डोक्यावर नेऊन झोपून करायचं असेल तर तेवढ्यापुरतं नळीचं टोक कुणीतरी तोंडाजवळ धरा.